परसातला हॉट टब आणि टाळलेले परमिट

आपण कॅलिफोर्नियात फ्रिमॉंटला राहता, घरात अडीच वर्षांची मुलगी आहे, उन्हाळ्यात पुण्याहून आईवडील यायचे आहेत, आणि अडीअडचणीसाठी राखलेल्या २८,००० डॉलरांतून ९,००० डॉलरांचा हॉट टब (गरम पाण्यात बसायचा मोठा टब) घ्यावा का, असे आपण विचारले आहे. ओळखीचे एक गृहस्थ परमिट, म्हणजे शहराची बांधकाम परवानगी, न काढता वायरिंग करून द्यायला तयार आहेत, हेही आपण लिहिले आहे. टब घेऊच नका, असे मी म्हणणार नाही; पण परमिटमध्ये वाचवलेले पैसे पुढे फार महागात पडू शकतात.

९,००० ही केवळ टबाची किंमत आहे. अशा टबाला सहसा २४० व्होल्टचे स्वतंत्र सर्किट, जीएफसीआय संरक्षण (वीज गळती होताच प्रवाह तोडणारी सोय) आणि पाण्यापासून किमान ५ फुटांवर, परंतु टबापाशी उभे राहून दिसेल असा डिस्कनेक्ट स्विच, म्हणजे वीज पूर्ण बंद करायचा स्विच, लागतो. जुन्या घरातले मुख्य पॅनल १०० अँपिअरचे असेल तर तेही बदलावे लागू शकते, म्हणून परवानाधारक इलेक्ट्रिशियनचा लेखी अंदाज हाती येईपर्यंत टबाची ऑर्डर देऊ नये. टबात १,५०० लिटर पाणी मावत असेल तर नुसत्या पाण्याचेच वजन दीड टन होते, तेव्हा जुन्या लाकडी डेकचा विचार सोडलेला बरा.

मुलीच्या दृष्टीने झाकण सर्वांत महत्त्वाचे. कॅलिफोर्नियाच्या कायद्यानुसार घरच्या नव्या पोहण्याच्या तलावाला किंवा स्पाला (यात हॉट टबही येतो) ठरवून दिलेल्या सात सुरक्षा उपायांपैकी किमान दोन करावे लागतात. मात्र एएसटीएम एफ१३४६ या सुरक्षा झाकणांच्या मानकाचे, कुलूप लागणारे झाकण असलेल्या हॉट टबाला यातून सूट आहे. विक्रेत्याच्या शब्दावर न जाता झाकणावरचा शिक्का स्वतः पाहावा, आणि शहराचा नियम याहून कडक नाही ना, हे बांधकाम विभागात विचारून घ्यावे.

परमिट नसल्याचे दुखणे बहुधा घर विकताना उघडे पडते, कारण विक्रीच्या वेळी भरायच्या माहितीपत्रकात परमिटविना केलेल्या कामांबद्दल थेट प्रश्न असतो. विमा कंपनीलाही टबाची आगाऊ कल्पना द्यावी. शेजारची मुले परसात येत असतील तर १० लाख डॉलरांच्या अंब्रेला पॉलिसीचा (घराच्या विम्याच्या मर्यादेपलीकडची भरपाईची जबाबदारी उचलणाऱ्या जादा विम्याचा) हप्ताही हिशेबात धरावा. काम कंत्राटदाराला देणार असाल तर करारावर १,००० डॉलर किंवा एकूण रकमेच्या १० टक्के, यांपैकी जी रक्कम कमी असेल, तिच्याहून जास्त आगाऊ रक्कम त्याला कायद्याने मागता येत नाही.

आपला मासिक खर्च ७,००० डॉलर आहे, म्हणजे राखीव रक्कम जेमतेम चार महिन्यांची. वायरिंग, पाया आणि परमिट धरून एकूण खर्च १३,००० वर गेला, तर दोन महिन्यांच्या खर्चाइतकेच पैसे हाती उरतील, आणि ते मला मान्य नाही. यंदाचा उन्हाळा जाऊ द्यावा. दरमहा १,००० डॉलर वेगळ्या खात्यात टाकल्यास साधारण वर्षभरात ही रक्कम राखीव पैशाला हात न लावता उभी राहील. वडील रक्तदाबाची गोळी घेतात असे आपण लिहिले आहे. टब आल्यावरही डॉक्टरांना विचारल्यावाचून त्यांना त्यात बसवू नये, आणि पाण्याचे तापमान कोणासाठीही ४० अंश सेल्सिअसच्या वर नेऊ नये.