घरच्या दुर्बिणीतून भरदिवसा ग्रह पाहता येतात का?

होय, येतात, आणि सुरुवात शुक्रापासून करावी, कारण त्याची दृश्यप्रत (तेजाचे माप; आकडा जितका कमी, तितके तेज जास्त) साधारण −४ च्या आसपास असल्याने निळ्या आकाशातही तो स्पष्ट उठून दिसतो. तो सूर्यापासून जास्तीत जास्त सुमारे ४७ अंश दूर जातो. अशा काळात त्याची अर्धचंद्रासारखी कला दिवसा रात्रीपेक्षाही चांगली दिसते, कारण काळ्या आकाशात त्याचा झगमगाट डोळ्यांना दिपवतो.

खरी अडचण ग्रह सापडण्याची असते. दुर्बीण अनंतावर, म्हणजे अतिदूरच्या वस्तूंवर, नेमकी फोकस झालेली नसेल, तर ग्रह दृष्टिक्षेत्रात असूनही त्याचा फिकट ठिपका निळाईत विरघळून जातो आणि आपण तासभर व्यर्थ शोधत राहतो. म्हणून आधी दिवसा दिसणाऱ्या चंद्रावर फोकस पक्का करावा, कमी वर्धनाची नेत्रिका (डोळा लावायचे भिंग) लावावी आणि चंद्र ग्रहाजवळ असेल तो दिवस निवडावा. गुरू बराच फिका दिसतो. मात्र तो सूर्यापासून ९० अंशांच्या आसपास असताना ध्रुवण फिल्टर (ठरावीक दिशेने कंप पावणारा प्रकाशच आत सोडणारी काच) हळूहळू फिरवला, की मागचे आकाश गडद होते आणि त्याची चकती, कधी पट्टेही, दिसू लागतात.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो: सूर्य क्षणभर जरी दुर्बिणीत किंवा शोधक दुर्बिणीत (तिच्यावर बसवलेल्या, नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीत) आला, तरी दृष्टी कायमची जाऊ शकते. दुर्बीण इमारतीच्या सावलीत अशी ठेवावी, की सूर्य भिंतीआडच राहील. सावली सरकते, हेही ध्यानात ठेवावे. मुलांना दुर्बिणीजवळ एकटे सोडू नये.