आधी वजन, मग हार्मोन? पैशाच्या बाजूने पाहिलं तर

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वय ३१, नोकरी पक्की, डोक्यावर कर्ज नाही. ट्रान्स स्त्री म्हणून हार्मोन थेरपी घ्यायची, यासाठी तीन वर्षं पोटाला चिमटा काढून पैसे बाजूला टाकलेत. आज साठलेली रक्कम आठ महिन्यांच्या घरखर्चाइतकी आहे. उंची १७० सेंटिमीटर, वजन ९८ किलो. पहिल्याच डॉक्टरांनी "बीएमआय तिसाच्या खाली आणा, मग बघू" म्हणून परत पाठवलं. (बीएमआय म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती, ते सांगणारा आकडा.) आता वजन घटवून देणाऱ्या एका क्लिनिकचं वर्षभराचं पॅकेज समोर आहे. त्यात भूक कमी करणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं आहेत, पैसे सगळे आगाऊ, आणि त्यात तुमच्या बचतीतले पाच महिने जातात. टोकन भरून झालंय, बाकीची रक्कम महिनाअखेर द्यायची आहे. "आधी हे उरकून घेते, म्हणजे हार्मोनचे पैसे वाया जाणार नाहीत. बरोबर ना?" असं तुम्ही विचारता.

माझं उत्तर: बाकीची रक्कम भरू नका.

कारण ज्या दारासाठी तुम्ही पाच महिन्यांचा खर्च मोजायला निघालात, त्या दाराला मुळात कुलूपच नाही. ट्रान्स व्यक्तींच्या उपचारांसाठी जगभर ज्या मार्गदर्शक सूचना पाळल्या जातात, त्या वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ या संस्थेच्या. २०२२ साली आलेल्या त्यांच्या आठव्या आवृत्तीत हार्मोन सुरू करण्यासाठी बीएमआयची अट नाही. वजन जास्त असलं की डॉक्टर काळजी घेतात, आणि ती घ्यायलाच हवी: इस्ट्रोजेनमुळे, म्हणजे या थेरपीतल्या मुख्य हार्मोनमुळे, रक्तात गुठळ्या होण्याचा धोका वाढतो, लठ्ठपणात तो आधीच जास्त असतो. पण त्यावर उपाय म्हणून बहुधा गोळीऐवजी त्वचेवरचा पॅच किंवा जेल देतात, कारण ते औषध आधी यकृतातून जात नाही. रक्तदाब, साखर, चरबी तपासून घेतात, धूम्रपान असेल तर बंद करायला सांगतात. तुमच्यासाठी काय योग्य ते तुमची प्रकृती पाहून डॉक्टरच ठरवतील, मी नाही. म्हणून पहिला खर्च पॅकेजचा नको, दुसऱ्या मताचा करा. ट्रान्स रुग्णांवर नेहमी उपचार करणाऱ्या एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे, म्हणजे हार्मोनच्या तज्ज्ञ डॉक्टरांकडे, जा आणि सरळ विचारा, "माझ्या वजनात नेमका कोणता धोका आहे, आणि तो कसा कमी करता येईल?"

आता इंजेक्शनांचा हिशेब. तिसाच्या खाली यायला तुम्हाला साधारण ८६ किलोवर यावं लागेल, म्हणजे १२ किलो, वजनाच्या जेमतेम १२ टक्के. सेमाग्लुटाइडच्या २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरलं होतं. ऐकायला छान वाटतं. पण त्याच चाचणीतल्या काही लोकांना औषध थांबवल्यावर वर्षभर पाहिलं, तेव्हा उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन तृतीयांश परत आलं होतं. पैशाच्या भाषेत हा एकदाच करायचा खर्च नाही, न संपणारा हप्ता आहे. तुमचा बेत असा, की वर्षभर इंजेक्शन घ्यायचं, मग ते बंद करून तो पैसा हार्मोनकडे वळवायचा. म्हणजे नेमकं हार्मोन सुरू होताना वजन परत चढायला लागणार, आणि हाती उरणार तीन महिन्यांची बचत. या बेतातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच.

हार्मोनचाही हप्ताच आहे, बहुतेकांसाठी आयुष्यभराचा, पण त्याचा अंदाज बांधता येतो. औषध दरमहा, पॅच बहुतेक ठिकाणी गोळीपेक्षा महाग पडतो, तेव्हा बजेट पॅचचंच धरा. पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी आणि डॉक्टरांची फी, पुढे वर्षातून एकदा-दोनदा. हा सगळा खर्च मासिक पगारातून निघाला पाहिजे, बचतीतून नाही. कागदावर मांडून बघा. निघत नसेल, तर आधी तेवढी जागा पगारात करा.

एक खर्च मात्र सुरू करण्याआधीच ठरवावा लागतो: शुक्राणू गोठवून ठेवायचे का? हार्मोनमुळे प्रजननक्षमता कमी होते आणि ती परत येईलच याची खात्री नसते. गोठवण्याचे पैसे एकदा, साठवणुकीचे दरवर्षी. मूल नकोच हे पक्कं असेल तर पुढे चला, पण हा निर्णय घाईत निसटू देऊ नका.

पत्रात एक ओळ तुम्ही जाता जाता लिहिली आहे, "घरी अजून सांगितलेलं नाही." माझी नजर तिथेच थांबली. सहा महिन्यांत शरीरातले बदल दिसायला लागले, की घर सोडावं लागेल का, नोकरीच्या जागी वातावरण बिघडेल का, हे आज कुणीच सांगू शकत नाही. तसं काही होऊ नये असं मनापासून वाटतं. पण झालंच, तर स्वतंत्र खोलीची अनामत आणि काही महिने तग धरण्याइतका पैसा तुमच्या हातात हवा. आठपैकी सहा महिने त्यासाठी राखून ठेवा, लगेच काढता येतील अशा खात्यात. पॅकेज घेतलंत तर याच पैशावर घाला येतो.

वजनाकडे दुर्लक्ष करा असं मी म्हणत नाही. पुढे जननेंद्रियाची शस्त्रक्रिया करायची असेल, तर तिथे बीएमआयची मर्यादा खरोखर आडवी येते. पुष्कळ सर्जन ती लावतात आणि प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो. पण त्या शस्त्रक्रियेआधी सहसा किमान सहा महिने हार्मोन घ्यावे लागतात. म्हणजे हार्मोन वर्षभर लांबवलेत तर शस्त्रक्रियाही लांबते. उरलेल्या दोन महिन्यांच्या पैशातून दुसरं मत आणि पहिल्या तपासण्या होऊ द्या. वजनाचं काम हार्मोनबरोबरच चालू ठेवा, महिन्याच्या महिन्याला पैसे देऊन, हवं तेव्हा थांबता येईल असं. इंजेक्शन घ्यायचंच ठरलं तर तोही खर्च पगारात बसतोय का ते बघा, आणि ते त्याच एंडोक्रायनॉलॉजिस्टच्या देखरेखीखाली घ्या.

टोकनची पावती काढा आणि मागच्या बाजूची रद्द करण्याची अट वाचा. परताव्याची मुदत असेल तर ती उलटण्याआधी क्लिनिकला लेखी कळवा, फोनवर नको. काय उत्तर आलं ते मला पाठवा, पुढचं पाऊल आपण त्यावरून ठरवू.