इंजिन मिस मारतंय? आधी कॉइलची अदलाबदल करून बघ

लगेच नवे पार्ट घेऊ नकोस. आधी स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, लाव. कोड पी०३०२ आला तर मिसफायर (पेट्रोल नीट न पेटणं) दुसऱ्या सिलेंडरमध्ये आहे. इंजिन थंड झाल्यावर, इग्निशन बंद करून, दुसऱ्याची कॉइल (प्लगला स्पार्कसाठी वीज देणारा भाग) तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर बसव. कोड पुसून गाडी चालव. आता पी०३०३ आला तर कॉइलच गेली आहे. कोड जागचा हलला नाही, तर हाच प्रयोग स्पार्क प्लगवर कर. ही अदलाबदल मला सगळ्यात खात्रीची वाटते, शिवाय फुकट.

प्लग काढलास की नीट बघ. टोक फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, तेलकट ओल म्हणजे ऑइल आत येतंय. पांढऱ्या चिनी मातीवर बारीक काळी रेघ दिसली तर स्पार्क बाहेरून पळतोय. तेव्हा प्लगसोबत कॉइलचं रबरी बूटही बदल. प्लगच्या खड्ड्यात ऑइल साचलं असेल तर आधी सील बदल, नाहीतर नवी कॉइलही जाईल.

प्लग परत बसवताना सुरुवातीचे आटे हातानेच फिरव. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवू नकोस, न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर साफ करणारा भाग) जाळतं.