आधी आकडा बघ, मग नाव

मित्रा, एनबीएची, म्हणजे अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगची, सॅलरी कॅप (एका मोसमात संघाच्या सगळ्या खेळाडूंच्या एकूण पगारावरची मर्यादा) समजून घ्यायचीय ना? मग लॉस एंजेलिस लेकर्स संघाचा स्टार कोबी ब्रायंटचा शेवटचा करार बघ. टाचेमागची शीर तुटून तो बाहेर बसलेला, तरी नोव्हेंबर 2013 मध्ये लेकर्सनी दोन वर्षांचे 4.85 कोटी डॉलर कबूल केले. 2014-15 ची कॅप साधारण 6.3 कोटी, त्यात एकट्याचे 2.35! उरलेल्यात संघ कसा उभा राहणार? त्या मोसमात जिंकले फक्त 21 सामने. कोबीवर माझा फार जीव, पण हे आजही खटकतं. उलट डॅलस संघाचा स्टार डर्क नोवित्स्कीने 2014 मध्ये तीन वर्षं 2.5 कोटींत मान्य केली, म्हणून डॅलसला चॅन्डलर पार्सन्स हा आणखी एक खेळाडू घेता आला.

आणि हो, एखाद्या खेळाडूचा करार संपला तरी संघ त्याच्यावरचा हक्क सोडेपर्यंत त्या खेळाडूच्या नावाची रक्कम कॅपमध्ये धरलेलीच राहते. कॅपमध्ये उरलेली जागा मोजताना ती आधी वजा कर.