वाचकांचे प्रश्न : गुऱ्हाळाचा जाळ आणि कार्बन

प्रश्न : करवीर तालुक्यात आमचं गुऱ्हाळ आहे. चरक डिझेल इंजिनावर चालतो. चिपाड पुरत नाही, म्हणून हंगामाच्या मध्यात जुने टायर आणि दगडी कोळसा आणावा लागतो. कार्बन डायऑक्साइड कमी करायचा तर आधी इंजिन काढून विजेची मोटर बसवावी का?

उत्तर : मोटर बसवा, पण आधी चुलाण बघा. लिटरभर डिझेल जळलं की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड होतो आणि छोट्या इंजिनातून चरकाला जेमतेम तीन-सव्वातीन युनिटांइतकं काम मिळतं. ग्रिडची वीज अजून बहुतांश कोळशाचीच, युनिटमागे साधारण ०.७ किलो. तारांतली आणि मोटरमधली गळती धरली, तर दोन्ही जवळपास सारखेच पडतात. पैसे वाचतील, कार्बन फारसा नाही. छपरावर सौर पॅनेल टाकली तर मात्र खरा फरक पडेल. एका किलोवॅटला दिवसाकाठी चारेक युनिटं मिळतात आणि तुमचा हंगाम स्वच्छ उन्हाचाच असतो. चरक पहाटे सुरू होत असेल, तर नेट मीटर घ्या, म्हणजे दिवसा उरलेली वीज ग्रिडला देऊन हिशेबात तेवढी परत घेता येते.

आता जाळाचं. चिपाडातला कार्बन उसानं गेल्या वर्षभरात हवेतूनच घेतलेला असतो. कोळशातला आणि टायरमधला बराचसा जमिनीखालचा, तो हवेत नव्यानं भर घालतो. टायरच्या धुरात गंधकही असतं, ते आजच बंद करा. म्हणजे सगळा प्रश्न चिपाड पुरवण्याचा आहे.

चरकातून पडलेल्या चिपाडात निम्मं वजन पाण्याचं असतं. ओलं टाकलं की जाळाची बरीच उष्णता ते पाणी उडवण्यातच जाते. उन्हात पातळ पसरा, रोज उलथा. पिळल्यावर कडकन मोडलं की वाळलं समजा. गंजी उंचवट्यावर रचून झाका. पहिली काहील, म्हणजे रस आटवायची मोठी कढई, चढवण्याआधी काही दिवसांचा वाळका साठा हाताशी हवा, नाहीतर सगळा हंगाम ओलंच जळत राहतं.

धुराड्यातून काळा धूर येत असेल, तर जाळीत राख साठलीय किंवा एकदम ढीग लोटला जातोय. थोडं थोडं, पण सतत घाला. धुराड्याच्या तोंडाशी ज्वाळा दिसत असेल, तर ओढ जास्त आहे. आत सरकती लोखंडी पट्टी बसवून ती कमी करा. काहिलीच्या बुडाची काजळी खरवडत जा.

धुराड्याकडे जाणाऱ्या गरम हवेवर दुसरी काहील ठेवली आणि त्यात रस २५ वरून ८० अंशांवर नेला, तर एकूण लागणाऱ्या उष्णतेचा साधारण दहावा हिस्सा वाचतो. ती कोरडी मात्र ठेवू नका, पत्रा वाकतो. रसही तिथं ताटकळत ठेवू नका. साखर फुटते, म्हणजे तिचे साध्या साखरांत तुकडे होतात, आणि गुळाची ढेप मऊ पडते.

प्रश्न : घरी गॅसऐवजी इंडक्शन घेतलं तर?

उत्तर : किलोभर गॅसमागे सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड होतो. तेवढाच स्वयंपाक ग्रिडच्या विजेवर केला, तर आज त्याच्या दुपटीच्या आसपास जातो. छपरावर सौर असेल आणि स्वयंपाक दिवसा होत असेल, तर अवश्य घ्या. नसेल, तर सध्या गॅसच ठेवा, डाळ-भात कुकरमध्ये शिजवा आणि ज्योत पिवळी दिसली की बर्नरची भोकं साफ करा.