टीव्ही घरोघरी येण्याआधी ब्रिटनमधली कुटुंबं दिवसभर रेडिओवर काय ऐकायची?

तुम्ही १९५० च्या आसपासचं विचारलंय आणि ‘घरातल्या सगळ्यांनी मिळून काय ऐकलं जायचं’ असंही म्हटलंय, म्हणून तेवढंच सांगते. मी बावीस वर्षं लीड्सजवळ राहते. माझ्या शेजारच्या आजींचा जन्म १९४४ चा. त्यांच्या स्वयंपाकघरात अजून बुश कंपनीचा तपकिरी बेकेलाइटचा रेडिओ आहे. त्या त्याला रेडिओ म्हणतच नाहीत, ‘वायरलेस’ म्हणतात. त्यांच्याकडून तासन्‌तास ऐकलेलं आणि नंतर मी हौसेनं वाचलेलं, असं मिळून हे उत्तर आहे.

आधी तो लावण्याविषयी. बटण फिरवलं की लगेच आवाज येत नसे. आतले व्हॉल्व्ह, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्या, तापायला अर्धा मिनिट लागायचा. आधी डायलमागचा दिवा लागायचा, मग बारीक गुणगुण, तापलेल्या धुळीचा वास, आणि मग कुठून तरी लांबून चालत आल्यासारखा माणसाचा आवाज. हे घरात वीज असेल तर. आजींच्या आजोळी, यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या शेतघरात, वीज नव्हती. तिथला रेडिओ काचेच्या भांड्यातल्या दोन व्होल्टच्या ॲसिड बॅटरीवर चालायचा. ती उतरली की गावातल्या दुकानात चार्जिंगला द्यायची आणि भरलेली दुसरी घेऊन यायची. हे काम पोरांकडे. हात लांब धरून चालायचं, कारण ॲसिड सांडलं तर मोज्यांना भोकं पडायची. बॅटरी पुरवून वापरायची म्हणून तिथे रेडिओ नुसता चालू ठेवत नसत. ठरलेला कार्यक्रम ऐकला की बंद.

वर्षाला एक पौंड परवाना फी भरली की बीबीसीची तिन्ही केंद्रं ऐकता यायची. बातम्या, नाटकं, भाषणं होम सर्व्हिसवर. गाणी आणि करमणूक लाइट प्रोग्रॅमवर. थर्ड प्रोग्रॅम शास्त्रीय संगीत आणि विद्वत्तेचा. तो आजींच्या घरी कधी लागलाच नाही.

मला यातलं सगळ्यात आवडलेलं म्हणजे हे वेळापत्रक घरकामावर बेतलेलं होतं. सकाळी नवरा कामावर, मुलं शाळेत गेली की नऊच्या सुमारास ‘हाउसवाइव्ज चॉइस’, आपल्या ‘आपली आवड’सारखी फर्माइशी गाणी. साडेदहाला ‘म्युझिक व्हाइल यू वर्क’. हा कार्यक्रम १९४० मध्ये युद्धसामग्रीच्या कारखान्यांसाठी सुरू झाला. एकसारखी लय, मध्येच संथ होणारं काही नाही, म्हणजे मशीनवरचे हात मंदावत नाहीत. टाळ्यांची जागा असलेलं एक गाणं त्यातून काढून टाकावं लागलं होतं, कारण कामगार हातातली हत्यारं आपटून ताल धरायचे. त्याच चालीवर आजींची आई जिने घासायची. दुपारी पावणेदोनला ‘लिसन विथ मदर’, पंधरा मिनिटांचा, शाळेत न जाणाऱ्या पोरांसाठी. ‘नीट बसलात ना? मग मी सुरू करते’ हे त्यातलं वाक्य त्या पिढीतल्या कुणासमोरही म्हणून बघा, चेहरा बदलतो. हा कार्यक्रम १९५० च्या जानेवारीत सुरू झाला, तेव्हा आजी शाळेत जायला लागल्या होत्या. धाकट्या भावाला मिळतो आणि आपल्याला नाही, म्हणून त्यांनी पोटात दुखायची सोंगं काढली. पाठोपाठ दोनला ‘वुमन्स अवर’, चारला एका डॉक्टरच्या बायकोची डायरी, ‘मिसेस डेल्स डायरी’. पाचला काटा होम सर्व्हिसवर न्यायचा, ‘चिल्ड्रन्स अवर’ साठी.

पावणेसातची वेळ मात्र भांडणाची. तिथे १९४६ पासून डिक बार्टन नावाच्या गुप्तहेराची मालिका असायची आणि रोज नायक मरणाच्या दारात असताना भाग संपायचा. १९५१ मध्ये ती बंद करून त्याच वेळेला ‘द आर्चर्स’ आणली, एका शेतकरी कुटुंबाची गोष्ट. मुलं हिरमुसली. पण त्यामागे कारण होतं: अन्न रेशनवर होतं, शेतीचं उत्पादन वाढायला हवं होतं, आणि कृषी खात्याच्या मदतीनं नवं तंत्र गोष्टीतून शेतकऱ्यांपर्यंत पोचवायचं होतं. आजोळची बॅटरी मुख्यतः याच कार्यक्रमासाठी राखलेली असे. ‘द आर्चर्स’ आजही चालू आहे.

पण सगळे एकत्र ऐकायचे तो दिवस रविवारचा. दुपारी बाराला ‘फॅमिली फेव्हरिट्स’. तेव्हा सक्तीची लष्करी सेवा होती, अठरा वर्षांची पोरं जर्मनी, सायप्रस, मलायाला पाठवलेली. त्यांच्यासाठी घरच्यांनी आणि घरच्यांसाठी त्यांनी मागवलेली गाणी. लंडनहून जीन मेटकाफ बोलायची, हॅम्बुर्गहून क्लिफ मिशेलमोर. दोघांची ओळख आधी आवाजानंच झाली, प्रत्यक्ष भेट नंतर; १९५० मध्ये त्यांनी लग्न केलं. ऐकणाऱ्यांना ते घरातलंच लग्न वाटलं असणार, असं मला वाटतं.

आजी सांगतात, आजही ती सुरुवातीची धून वाजली की त्यांना कोबी शिजल्याचा वास येतो. यॉर्कशर पुडिंग (गोड नव्हे; मैदा, अंडी आणि दुधाचं भाजलेलं) ओव्हनमध्ये फुगत असायचं. ते ग्रेव्ही घालून आधी वाढायचे, म्हणजे पोटं निम्मी भरायची आणि मांस कमी लागायचं. मांसाचं रेशन १९५४ च्या जुलैपर्यंत होतं. वडील पेपर खाली ठेवायचे, पोरं टेबलावर काटे-चमचे मांडायची. मग दीडला बिली कॉटन ‘वेऽऽकी वेकी!’ अशी आरोळी ठोकून बँड सुरू करायचा आणि जेवणं सुरू व्हायची.

विनोदी मालिकांमधली ‘एज्युकेटिंग आर्ची’ ऐकून मी चकित झाले. आर्ची म्हणजे बोलका बाहुला! आपल्या अर्धवटरावाचा खेळ नुसता रेडिओवर, अशी कल्पना करा. शब्दभ्रमकार पीटर ब्रफचे ओठ हलतात की नाही, हे ऐकणाऱ्याला दिसणारच नाही. तरी लाखो घरांत आर्ची हा खराखुरा वांड मुलगा होता. विनोदी नट टोनी हॅनकॉक आणि लहानगी गायिका ज्युली अँड्र्यूज त्यात होते. आजींनी आर्चीचा फोटो पाहिला तेव्हा त्यांना रडू आलं, कारण त्यांच्या डोक्यातला आर्ची शेजारच्या गल्लीतल्या एका मुलासारखा दिसायचा.

रात्री मोठी भावंडं काटा हळूच परदेशातल्या रेडिओ लक्झेंबर्गकडे न्यायची, २०८ मीटरवर. तिथे नवी गाणी लागायची. आवाज लाटेसारखा यायचा, जायचा. त्याच काळात बाळकृष्ण केसकर मंत्री असताना आकाशवाणीनं सिनेसंगीताला दार बंद केलं आणि आपल्याकडचे लोक सिलोनकडे वळले, ते इथे आठवल्याशिवाय राहत नाही.

१९५३ च्या जूनमध्ये राणीचा राज्याभिषेक बघायला अख्खी गल्ली टीव्हीवाल्या एका घरात जमली. आजींच्या घरी टीव्ही त्यानंतर तीन वर्षांनी आला, तोवर वायरलेसच.

आजींचा थोरला भाऊ जर्मनीत दोन वर्षं लष्करात होता. आईनं ‘फॅमिली फेव्हरिट्स’ला कितीतरी कार्डं टाकली, एकही वाचलं गेलं नाही. तरी नावं आणि लष्करी पत्ते वाचायला लागले की ती सिंकचा नळ बंद करायची, ओले हात तसेच धरून उभी राहायची, आणि गाणं सुरू झालं की पुन्हा नळ सोडायची. भाऊ घरी परतल्यावर कार्डं थांबली. नळ मात्र ती दर रविवारी बंद करायचीच.