त्याचे केलेले तसेच राहू द्या

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या की रत्नागिरीतील माझ्या समुपदेशन कक्षात एक तक्रार हमखास येते. मूल चार-पाच वर्षांचे असते, बोलण्यात चुणचुणीत असते, पण स्वतःच्या हाताने काहीच करत नाही. आईने बूट घालावेत, आजीने भरवावे, आणि कोणी केले नाही तर ते तसेच बसून राहते. "आम्ही त्याला फार लाडावून ठेवले का, की तो मुळातच आळशी आहे?" हा प्रश्न मी इतक्या पालकांकडून ऐकला आहे की, एका कुटुंबाची हकिगत, ओळख पटणार नाही एवढे बदल करून, लिहावी असे वाटले.

गुहागरकडच्या एका वाडीतले हे घर. वडील मुंबईला नोकरीला, शिमग्याला आणि गणपतीला येणारे. घरी आई, आजी आणि पाच वर्षांचा मुलगा. आईला नोकरीसाठी सकाळची एसटी गाठावी लागे, त्यामुळे घरातली सकाळ म्हणजे नुसती धांदल.

"मॅडम, मी त्याला सगळे करू देते. तोच करत नाही. पूर्वी करायचा, आता म्हणतो, तूच कर," आई पहिल्याच भेटीत म्हणाली.

'पूर्वी करायचा' हे शब्द मला महत्त्वाचे वाटले. ज्याने कधी केलेच नाही त्याला शिकवावे लागते; पण जो करत होता आणि थांबला, त्याला थांबवणारे काहीतरी घरातच असते. मी आईला उपदेश केला नाही, एक वही करायला सांगितली. मुलाने आपण होऊन जे काही केले ते डाव्या पानावर लिहायचे आणि त्यानंतर लगेच काय झाले ते उजव्या पानावर. पुढच्या भेटीला आजींनाही बोलावले.

आई वही वाचू लागली. चपला कोनाड्यात ठेवल्या. उलट्यासुलट्या होत्या, नीट लावल्या. शर्टाची बटणे लावली. एक खालीवर झाले होते, सगळी काढून पुन्हा लावली. आजीबरोबर बिरड्याचे वाल सोलले. आणि इथे ती थांबली.

"वाच ना पुढचे," आजी शांतपणे म्हणाल्या. "त्याने सोललेले वाल तू वाडग्यातून वेगळे काढलेस. मोडलेत म्हणालीस. तो तिथेच उभा होता."

"पण ते खरेच मोडले होते, आई."

"मोडले होते. शिजल्यावर कोणाला कळणार होते?"

बराच वेळ कोणी बोलले नाही. मीही मुद्दाम बोलले नाही, कारण अशा वेळी समुपदेशकाने घाईने अर्थ सांगितला तर तो पालकाचा स्वतःचा राहत नाही. शेवटी आईनेच वहीचे उजवे पान वरपासून खालपर्यंत पुन्हा पाहिले आणि म्हणाली, "इकडे सगळीकडे मीच आहे. त्याचे काहीच तसे ठेवले नाही मी."

आपण मुलाला काम करू देतो आणि त्याच्या डोळ्यांदेखत ते पुसून टाकतो. रागावत नाही, टाकून बोलत नाही, प्रेमाने 'थांब, मी नीट करते' म्हणतो. पण मुलाला एवढेच उमगते की आपले केलेले धरले जात नाही. मग 'तूच कर' हे उत्तर आळसाचे नसते, ते अगदी सरळ हिशेबाचे असते. ती वही मी नंतर कितीतरी घरांत दिली, आणि उजवे पान कोरे असलेली वही मला क्वचितच पाहायला मिळाली.

मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन यांनी बालपणाच्या टप्प्यांची मांडणी करताना साधारण तीन ते सहा या वयाला पुढाकार आणि अपराधभाव यांच्यातील ओढाताण म्हटले आहे. माझ्या कामाचा पाया तोच आहे. मात्र ते घरात कसे उतरवायचे हे मी शिकले ते आपल्याच किनाऱ्याकडून. इटालियन शिक्षणतज्ज्ञ मारिया माँटेसरी यांनी 1907 मध्ये रोममध्ये पहिले बालगृह उघडले, तेव्हा टेबल-खुर्च्या मुलांच्या मापाच्या केल्या. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांच्या साथीने 1945 मध्ये आपल्याच किनाऱ्यावरच्या बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले, तेव्हा हा विचार महागड्या साधनांत न अडकवता गावात सहज मिळणाऱ्या वस्तूंवर उभा केला. स्वावलंबनासाठी घरात वेगळे काही विकत आणावे लागत नाही, असे मी म्हणते ते त्या परंपरेच्या भरवशावर.

या घरात आम्ही थोडेच बदल केले. पडवीत मुलाच्या हाताला येईल अशी खुंटी ठोकली, पाण्यासाठी हलका छोटा तांब्या ठेवला, त्याच्या बनियन-चड्ड्यांसाठी खाली एक दोरी बांधली. सकाळी बूट घालण्याचा आग्रह सोडला, कारण एसटीच्या घाईत दिलेले स्वातंत्र्य हमखास ओरडण्यात संपते. शिकण्याची कामे संध्याकाळी ठेवली. काम घराच्या खऱ्या गरजेचे असावे, निव्वळ रमवण्यासाठी दिलेले मुलाला लगेच ओळखू येते. आणि सर्वांत कठीण अट अशी की, झालेल्या कामाला त्याच्यासमोरच काय, त्याच्या मागेही हात लावायचा नाही. बटण खालीवर राहिले तर राहू द्यायचे. सुधारायचेच असेल तर पुढच्या वेळी, काम सुरू करण्याआधी, एकदा सावकाश करून दाखवायचे.

विहिरीचा प्रश्न आजींनी काढला आणि तो रास्त होता. कोकणात अंगणापलीकडे विहीर असते, पावसात पाखाडीच्या जांभ्यावर शेवाळ धरते, समुद्र खवळलेला असतो. विहिरीच्या कठड्याजवळ आणि पाण्यात मोठ्या माणसाशिवाय जायचे नाही, हे नियम मुलाच्या मर्जीवर सोडायचे नसतात. ते थोडे असावेत आणि रोज तेच असावेत. ते पक्के असले की बाकीच्या ठिकाणी मोकळीक देताना मोठ्यांचाही जीव घाबरा होत नाही. शेजारच्या काकूंकडून विरजण आणायला आजी आधी त्याच्याबरोबर गेल्या, मग अर्ध्या वाटेवर थांबल्या, मग ओटीवरून पाहत राहिल्या. एकदा वाटी कलंडली. आजींनी दुसरी वाटी हातात दिली आणि पुन्हा पाठवले.

वालाच्या बाबतीत मी त्यांना एवढेच सुचवले होते की मोडलेल्यासकट उसळ करा. गणपतीला वडील आले, तेव्हा आजी वाल सोलायला बसल्या आणि तो न बोलावता शेजारी जाऊन बसला, असे आईने सांगितले. आंघोळ मात्र तो अजूनही आजीकडूनच घालून घेतो, आणि याची आईला काळजी वाटत होती. मी म्हटले, ती सध्या आजींकडेच असू द्या. पावसाळा सरल्यावर एखाद्या रविवारी, घाई नसताना, तांब्या त्याच्या हातात देऊन पाहा.